विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर

लांबून पाहिलं तर ती साधी पुंटोच वाटते. पाच दरवाज्यांची, चार-पाच माणसं मावतील अशी, डिकीत भाजीच्या पिशव्या आणि मुलांची दप्तरं राहतील अशी घरगुती गाडी. जवळ गेल्यावर मात्र नाकावरचं चिन्ह नजरेत भरतं. ढालीवर नांगी उगारून बसलेला विंचू! ज्याला या विंचवाची ओळख आहे तो थांबतो, गाडीभोवती एक फेरी मारतो आणि मालकाला विचारतो, ‘‘ओरिजिनल आहे का हो?’’

ओरिजिनलच. ऑक्टोबर २०१५ मध्ये ही ‘अबार्थ पुंटो’ भारतात विक्रीला आली. जन्म पुण्याजवळच्या रांजणगावचा. अष्टविनायकांपैकी महागणपतीचं हे गाव. तिथल्या औद्योगिक वसाहतीत फियाट आणि टाटा यांचा भागीदारीतला कारखाना उभा आहे. दिल्लीतली शोरूमची किंमत ९ लाख ९५ हजार रुपये, १३६८ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि ताकद १४५ अश्वशक्ती. उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला कंपनीच्या दाव्यानुसार ८.८ सेकंद पुरतात. दहा लाखांच्या आतल्या हॅचबॅक गाड्यांमध्ये एवढी ताकद त्या वेळी दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

पुढे पुंटोचं उत्पादनच थांबलं. फियाटनं भारतात आपल्या नावाच्या मोटारी विकणं बंद केलं. गाडी हौशी माणसाच्या अंगणात राहिली आणि माहेर मात्र मिटलं! अशा गाडीचं करायचं काय, तिच्यात बदल करायचे तर कुठवर, आणि ही हौस घराला झेपते का, हे प्रश्न आज अनेक घरांतून विचारले जातात. त्यांची उत्तरं शोधायची तर आधी त्या विंचवाची कुळकथा ऐकायला हवी.

आगगाडीशी शर्यत लावणारा माणूस

कार्ल अबार्थ मूळचा व्हिएन्नाचा. जन्म १५ नोव्हेंबर १९०८, म्हणजे रास वृश्चिक. गाडीवरचा विंचू आला तो असा थेट पत्रिकेतून! तरुणपणी हा माणूस मोटरसायकलच्या शर्यतींत उतरायचा. १९३४ मध्ये त्यानं साइडकार जोडलेली मोटरसायकल घेऊन बेल्जियममधलं ओस्टेंड ते व्हिएन्ना या मार्गावर ओरिएंट एक्स्प्रेस या नामांकित आगगाडीशी शर्यत लावली आणि ती जिंकली. पुढे एका मोठ्या अपघातानं त्याची शर्यतींची कारकीर्द संपवली. दुसऱ्या महायुद्धानंतर तो इटलीत स्थिरावला, कार्लचा कार्लो झाला आणि १९४९ मध्ये त्यानं स्वतःची कंपनी काढली.

सुरुवातीला या कंपनीचं पोट भरलं ते सायलेन्सरवर. इंजिनातला जळका वायू जितक्या सहज बाहेर पडेल तितका इंजिनाचा श्वास मोकळा होतो, हे गणित अबार्थला नेमकं कळलं होतं. त्याचे सायलेन्सर देशोदेशी खपले. मग त्यानं पुढचं पाऊल टाकलं. फियाट ६०० ही छोटी गाडी १९५५ मध्ये आणि फियाट ५०० ही तिच्याहून छोटी गाडी १९५७ मध्ये बाजारात आली. युद्धातून सावरणाऱ्या इटलीतल्या मध्यमवर्गाच्या या गाड्या. मूळच्या फियाट ५०० ची ताकद अवघी १३ अश्वशक्ती! शिक्षक, कारकून, दुकानदार त्यातून बायकामुलांना फिरायला नेत. अशा माणसाला रेसची गाडी परवडणं शक्यच नव्हतं. अबार्थनं त्याच्यासाठी लाकडी पेटी तयार केली. पेटीत इंजिनाचे सुधारित भाग, सायलेन्सर आणि इतर साहित्य. ही पेटी घ्यायची, गाडी मेकॅनिककडे न्यायची आणि घरगुती गाडीचा तिखट अवतार घेऊन परत यायचं.

या पेटीतली खरी गोम लक्षात घेण्यासारखी आहे. तिच्यातले भाग एकमेकांना जुळवून बनवलेले असत. हवा जास्त तर इंधन किती, इंधन जास्त तर बाहेर पडायची वाट केवढी, याचा हिशेब कारखान्यात आधीच मांडलेला असे. गिऱ्हाइकानं एका दुकानातून एक आणि दुसऱ्या दुकानातून दुसरं असं काही आणायचं नसे.

फेब्रुवारी १९५८ मध्ये अबार्थनं आपल्या हातची फियाट ५०० मोंझाच्या ट्रॅकवर उतरवली. सात दिवस आणि सात रात्री चालक बदलत ती पळत राहिली. सरासरी वेग ताशी १०८ किलोमीटर! ज्या गाडीला लोक खेळणं म्हणून हिणवत होते तिनं आठवडाभर न थकता धाव घेतली, तेव्हा फियाटच्या साहेबांनाही या माणसाची दखल घ्यावी लागली.

आणखी एक किस्सा तर आजही सांगितला जातो. १९६५ मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, अबार्थला स्वतः एका एकआसनी गाडीत बसून वेगाचा विक्रम करायचा होता. अडचण एकच, गाडी अरुंद आणि साहेबांचं पोट मोठं! गाडी रुंद करण्याऐवजी त्यानं स्वतःला अरुंद केलं. सफरचंदांवर राहून तब्बल ३० किलो वजन उतरवलं, मग गाडीत शिरला आणि मोंझाला विक्रम केला. वजन कमी झालं की गाडी पळते, हा धडा त्यानं आधी स्वतःच्या देहावर गिरवला.

१९७१ मध्ये अबार्थनं आपली कंपनी फियाटला विकली आणि १९७९ मध्ये त्याचं निधन झालं. विंचू मात्र राहिला. अलीकडच्या काळात फियाटनं इटलीत ग्रांदे पुंटोची अबार्थ आवृत्ती काढली, तेव्हा ताकद वाढवण्याचं साहित्य पुन्हा लाकडी पेटीतूनच द्यायला सुरुवात केली होती.

फियाट आणि मराठी घर

मराठी माणसाला फियाटची ओळख करून द्यायची गरज नाही. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं १९५० च्या दशकात फियाटच्या गाड्या बांधायला घेतल्या. त्यातली ‘अकराशे’ घरोघरच्या बोलण्यात निव्वळ ‘फियाट’ झाली आणि १९७० च्या दशकात तिचं ‘प्रीमियर पद्मिनी’ असं बारसं झालं. डॉक्टरांची फियाट, वकिलांची फियाट, लग्नात फुलांनी सजवलेली फियाट आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी, तीही फियाटच! शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीनं ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्याचा निरोप घेतला, तेव्हा अनेकांचे डोळे पाणावले.

या गाडीनं एका पिढीला हात काळे करायला शिकवलं. नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यामुळे आहे तीच गाडी सुधारून वापरायची रीत होती. कुणी स्टिअरिंगजवळचा गिअर काढून तो खाली जमिनीवर बसवून घेई, कुणी पुढचं सलग बाक काढून दोन वेगळ्या सीट लावी. ज्यांची हौस याहून मोठी होती ते मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर होणाऱ्या शर्यती गाठत. हलक्या केलेल्या, इंजिन फुलवलेल्या फियाट तिथं धावत.

हौस शिस्तीत वाढली की काय होतं याचं उदाहरणही आपल्याच देशातलं आहे. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं छोटं इंजिन घेऊन ‘फॉर्म्युला मारुती’ ही एकआसनी रेसची गाडी बनवली. ज्या इंजिनावर आपण मंडईत जातो त्याच इंजिनावर! १९९५ मध्ये हवाई अपघातात त्यांचा मृत्यू झाला. पण त्यांच्या या गाडीत बसून शिकलेला नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरला, तो पहिला भारतीय ठरला. करिवर्धन यांच्या नावाचा ट्रॅक आज कोइमतूरजवळ आहे.

रांजणगावात काय बदललं?

आता पुन्हा आपल्या विंचवाकडे वळू. अबार्थ पुंटोतलं टर्बो इंजिन फियाटनं त्याआधी लिनिया या सेडानमध्ये दिलं होतं. तिथं त्याची ताकद ११४ अश्वशक्ती होती. पुंटोत ती १४५ झाली. म्हणजे कारखान्यानंच इंजिन अधिक तिखट केलं. पण तेवढ्यावर काम भागलं नाही. चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले, १६ इंची अलॉय व्हील्सवर रुंद टायर चढवले, स्प्रिंग कडक केल्या आणि गाडी जमिनीकडे खाली आणली. तिचा ग्राउंड क्लीअरन्स १५५ मिलिमीटर, म्हणजे वीतभरही नाही.

जुन्या लाकडी पेटीचं तत्त्व ते हेच. ताकद वाढली तर थांबण्याची आणि वळण्याची क्षमताही तिच्या जोडीनं वाढायला हवी.

याचं गणित शाळेतलंच आहे. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते. ताशी ६० ऐवजी ८० नं जाणाऱ्या गाडीला थांबवताना ब्रेकला पावणेदोन पटींहून अधिक ऊर्जा पचवावी लागते. त्यात ताशी ८० च्या वेगात माणसाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला तर गाडी बावीस मीटर पुढे गेलेली असते. हे बावीस मीटर कोणतंही इंजिन परत देत नाही.

समजा, गाडी रायपुरात आहे

आता अशी एक गाडी रायपुरात आहे असं समजू. तात्यापाऱ्यात किंवा चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळाच्या आसपास, एखाद्या मराठी घराच्या फाटकात. मराठी माणसं इथं पिढ्यान्‌पिढ्या राहताहेत. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनचा हा ऋणानुबंध. नागपूर इथून तीनशे किलोमीटरच्या आत. पण गाडीचं माहेर रांजणगाव, ते मात्र हजार किलोमीटरच्या घरात!

या शहरात ही गाडी बाळगायची म्हणजे पहिली गाठ पडते ती स्पीडब्रेकरशी. गल्लीगल्लीत लोकांनी आपापल्या मनानं घातलेले उंचवटे, त्यावर वीतभरसुद्धा उंच नसलेली गाडी. सरळ चढवली की पोट घासलंच म्हणून समजा. मग हौशी माणूस तिरकं चाक घालायला शिकतो, कोणत्या गल्लीतला ब्रेकर किती उंच हे पाठ करतो. घरची मंडळी मागे बसलेली असली की ‘‘अहो, आम्ही उतरून चालत येतो,’’ असा प्रस्ताव ठरलेला!

दुसरी गाठ उन्हाची. मे महिन्यात रायपूरचा पारा ४५ अंशांकडे सरकतो. टर्बोचार्जर म्हणजे बाहेर जाणाऱ्या तापलेल्या वायूच्या जोरावर फिरणारा छोटा पंखा. तो ताजी हवा दाबून इंजिनात भरतो. दाबलेली हवा मुळातच तापते. बाहेरची हवाच भट्टीतली असेल तर इंजिनात जाणारी आणखी गरम. गरम हवा विरळ, म्हणून ताकद कमी. शिवाय पेट्रोल वेळेआधीच पेटून इंजिन ‘नॉक’ करण्याचा धोका. थंडीत नवा रायपूरच्या रुंद रस्त्यावर जी गाडी लोण्यासारखी धावते, तीच मे महिन्याच्या दुपारी जयस्तंभ चौकाच्या गर्दीत मरगळलेली वाटली तर तो दोष गाडीचा नसतो.

तिसरी आणि सर्वांत मोठी गाठ सुट्या भागांची. ब्रेकचे पॅड, फिल्टर, ऑइल अशा झिजणाऱ्या वस्तू शोधल्या की मिळतात. खरी पंचाईत होते ती फक्त या गाडीच्या अशा भागांची. अपघातात बंपर फुटला, दिवा गेला, विंचवाचं चिन्ह कुणी उचकटून नेलं की शोधाशोध सुरू. आज फियाटचे मालक जुन्या फियाट मिस्त्रींवर, जीपच्या सर्व्हिस सेंटरांवर आणि मुख्य म्हणजे एकमेकांवर अवलंबून आहेत. पुण्यात कुणाकडे जादा शॉकअप पडून आहे, मुंबईत कुणाची गाडी भंगारात निघाली आहे, अशा बातम्या हातोहात फिरतात. दिवाळीत पुण्याला भावाकडे गेलेला माणूस परतताना डिकीत चकल्यांच्या डब्याशेजारी क्लचप्लेट घेऊन आला तर नवल वाटायला नको!

त्यात अलीकडे पेट्रोलचाही प्रश्न आला. २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल आता देशभर मिळतं. त्याला अनुकूल गाड्या बनू लागल्या त्या एप्रिल २०२३ पासून. पुंटो त्याआधीची. त्यामुळे इंधनाच्या वाटेवरच्या रबरी नळ्या, सील वेळोवेळी तपासून घेणं आणि टाकी महिनोन्‌महिने भरलेली न ठेवणं शहाणपणाचं.

लॅपटॉपवाला मिस्त्री

एवढं असूनही हौशी माणसाच्या मनात एक किडा वळवळत असतोच. गाडी १४५ अश्वशक्तीची आहे, आणखी थोडी वाढली तर?

पूर्वी यासाठी इंजिन उघडावं लागे. आता लॅपटॉपवाला मिस्त्री येतो. गाडीच्या इंजिनाचा कारभार ‘ईसीयू’ नावाचा छोटा संगणक पाहतो. टर्बोनं हवा किती दाबायची, पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी केव्हा पाडायची याचे तक्ते त्यात भरलेले असतात. हे तक्ते बदलले की झाला ‘रीमॅप’. टर्बो गाडीत अर्ध्या तासाच्या कामात फरक लगेच जाणवतो. पहिल्याच फेरीत मालक खुलतो आणि पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं.

खरा हिशेब पुढे सुरू होतो. कारखान्यानं ते तक्ते भरताना थोडी जागा राखून ठेवलेली असते. ती चुकून राहिलेली नसते. खराब पेट्रोल, घाटातला चढ, पाच माणसं आणि सामान, रायपूरची दुपार, वेळेवर न बदललेलं ऑइल अशा सगळ्या दिवसांसाठी ती ठेव असते. रीमॅप म्हणजे ही ठेव मोडून खर्चाला काढणं. रोज मोडली तर क्लच, टर्बो, गिअरबॉक्स एकामागून एक आपापलं बिल पाठवतात. आणि ज्या गाडीचा भाग मिळायलाच महिना लागतो तिच्या बाबतीत हे बिल दुप्पट बोचतं.

कायदा काय म्हणतो?

हौशी मंडळी ज्या बाबतीत सर्वाधिक गाफील असतात ती बाब कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं, की नोंदणी पुस्तकातला तपशील मूळ उत्पादकानं दिलेल्या तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही एका निकालात हेच बजावलं. गाडीचा नमुना पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेत तपासून मंजूर झालेला असतो, त्याच्याशी मनमानी चालत नाही. रंग बदलायचा असेल तर आर.टी.ओ.कडे नोंद करून तो बदलता येतो. अपंग व्यक्तीला चालवता यावी म्हणून गाडीत सोय करून घ्यायलाही कायद्यात वाट आहे. पण मनाला येईल तसं काही नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचावेत. चार बदल म्हणजे वीस हजार! आवाजाचं किंवा धुराचं प्रमाण मोडणाऱ्या गाडीबद्दल वेगळी शिक्षा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स रद्द. फटाके वाजवणारा सायलेन्सर लावून रात्री तेलीबांधा तलावाभोवती चक्कर मारणाऱ्यानं हा हिशेब आधी करावा. ज्या अबार्थच्या नावानं ही हौस चालते त्याचं पोट सायलेन्सरवर भरलं हे खरं. पण त्याचा सायलेन्सर इंजिनाचा श्वास मोकळा करायला होता, शेजाऱ्याच्या तान्ह्या बाळाची झोप मोडायला नव्हता.

विम्याचं कलम तर याहून कठोर. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येऊ शकतो. खासगी मोटारीच्या पॉलिसीत आयोजित शर्यती आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात, हे फारच थोड्यांना ठाऊक असतं. म्हणजे ट्रॅकवर नेलेल्या गाडीचं नुकसान झालं तर ते मालकाच्याच डोक्यावर. गाडी घराच्या पैशातून आलेली असते, तेव्हा ही गोष्ट घरातल्या सर्वांना माहीत असायला हवी.

मग हौस करायचीच नाही का?

करायची, जरूर करायची! फक्त पैसे कुठे घालायचे याचा क्रम ठरवून घ्यायचा.

पहिला मान टायरचा. गाडी रस्त्याला चिकटते ती तळहाताएवढ्या चार ठिकाणी. कंपनीनं सांगितलेल्या मापाचे उत्तम टायर आणि त्यातली योग्य हवा यांनी जो फरक पडतो तो कोणत्याही रीमॅपच्या आधीचा. टायरवर खोबणी दिसत असली तरी रबराचं वय होतं. कमी चालणाऱ्या हौशी गाडीचे टायर झिजण्याआधी कडक होतात. दुसरा मान ब्रेकचा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून ते ठरावीक काळानं बदलायचंच. तिसरं इंजिन ऑइल. टर्बोचा पंखा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि तो टिकतो त्या ऑइलच्या पातळशा थरावर. सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर तिला पिळायची नाही. लांबून, वेगात आल्यावर लगेच किल्ली न फिरवता मिनिटभर इंजिन शांत चालू द्यायचं. चौथा मान वजनाचा. डिकीतलं सहा महिन्यांपूर्वीचं सामान बाहेर काढलं की गाडी फुकटात हलकी होते. अबार्थसारखं सफरचंदांवर राहायचं की नाही, ते ज्यानं त्यानं ठरवावं!

वेगाची भूक त्यानंतरही उरली तर तिच्यासाठी जागा आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, कोइमतूरला करी मोटर स्पीडवे आहे, दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट आहे. महाराष्ट्रात कोल्हापूरजवळच्या मोहिते ट्रॅकवर कार्टिंग शिकून अनेक मुलं पुढे गेली. देशातल्या मोटार क्रीडेचा कारभार पाहणाऱ्या ‘एफएमएससीआय’ या संघटनेच्या परवान्यानं रीतसर भाग घेता येतो. तिथं हेल्मेट सक्तीचं असतं, अॅम्ब्युलन्स उभी असते आणि समोरून म्हैस येत नाही. ज्याला संसार सांभाळून रॅलीची चव घ्यायची आहे त्याच्यासाठी ‘टीएसडी’ रॅली हा प्रकार उत्तम. यात वेगाला किंमत नसते. ठरवून दिलेला रस्ता ठरवून दिलेल्या सरासरीनं, नेमक्या वेळेत पार करायचा. शेजारी बसून हिशेब सांभाळणारा माणूस चालकाइतकाच महत्त्वाचा. अशा रॅलींत नवरा-बायकोच्या जोड्या हौसेनं उतरतात, आणि घरखर्चाचा ताळमेळ बसवण्याची सवय असलेली गृहिणी इथं बक्षीस मिळवून देऊ शकते!

राहिला प्रश्न माहेर मिटलेल्या गाडीचा. जुन्या गाड्यांचे जाणते मालक एक गोष्ट आवर्जून करतात. ते वही ठेवतात. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला, कोणता भाग बदलला, कुठून मिळाला, कोणत्या मिस्त्रीनं बसवला, सारं त्यात लिहिलेलं. काढलेला मूळ भाग ते भंगारात देत नाहीत, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवतात. उद्या ती गाडी मुलाच्या हाती द्यायची झाली किंवा कुणा दुसऱ्या वेड्याला विकायची झाली, तर इंजिनाइतकीच किंमत या वहीला असते. जी गाडी मूळ रूपात राहिली तिचा मान वर्षागणिक वाढतो. भरमसाट बदललेल्या गाडीला मात्र गिऱ्हाईक आधी वळसा घालून पाहतं आणि मग निघून जातं.

मराठीत म्हणच आहे, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. रांजणगावच्या या विंचवाला ती अगदी चपखल बसते. डिकीत दोन फिल्टर, एक जादा बेल्ट, ऑइलचा डबा आणि ती वही, एवढं पाठीवर असलं की रायपूर काय आणि रांजणगाव काय, विंचू कुठंही सुखानं नांदतो. नांगी असावीच, ती विंचवाची शोभा आहे. ती कुठं उगारायची आणि कुठं आवरायची, एवढं मात्र मालकानं शिकून घ्यावं.